पुसणीसांनी काढलेला फोटो

पुसणीस हे त्यांचं खरं आडनाव नव्हे. ते ठेवलं फोटो स्टुडिओच्या मालकाने. दफ्तर सांभाळतो तो फडणीस, पत्रं लिहितो तो चिटणीस, मग लोकांच्या तोंडावरचं सगळं पुसून काढतो तो कोण, असं म्हणून मालक एकदा पोट धरून हसला आणि नाव जे चिकटलं ते चिकटलंच. पुढे दूधवाला, पोस्टमन, शेजारीपाजारी, सगळे त्यांना पुसणीसच म्हणू लागले आणि बायको आपोआप पुसणीसकाकू झाली. तिला कुणी विचारलं नव्हतं. तिला तसं कशाबद्दलच फारसं कुणी विचारत नसे.

स्टुडिओच्या मागच्या खोलीत, दुधी काचेच्या तिरप्या फळीपुढे, पुसणीसांनी एकतीस वर्षं काढली. काचेखाली दिवा, काचेवर निगेटिव्ह, डोळ्याला भिंग आणि हातात सुईसारखं टोक काढलेली पेन्सिल. निगेटिव्हवर सगळा उलटा कारभार. चेहऱ्यावरचा काळा डाग तिथे फिका दिसतो. ती फिकी जागा बारीक बारीक टिंबांनी भरत न्यायची, की कागदावर माणूस धुतल्या तांदळासारखा उतरतो. मुरुम, व्रण, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, कपाळावरच्या आठ्या, सगळ्यांना त्यांनी घालवून दिलं होतं. त्यांनी साफ केलेले फोटो नोकरीच्या अर्जाला लावून कितीतरी जणांना मुलाखतीची बोलावणी आली. तिथे गेल्यावर साहेब एकदा फोटोकडे आणि एकदा माणसाकडे बघत बसत, हा भाग वेगळा.

त्यांच्या घरातच एक डाग होता. काकूंच्या डाव्या गालावर, कानाच्या पाळीपासून ओठाच्या कोपऱ्याकडे येणारा, तळहाताएवढा, काळपट तपकिरी, कडेला जरा ओढल्यासारखा. लेक दोन वर्षांची असताना तिने शेगडीवरच्या चहाच्या आधणाच्या भांड्याचा दांडा धरून ओढला. काकू तिच्या अंगावर पालथ्या पडल्या. लेकीला थेंबसुद्धा लागला नाही. सगळं पाणी आईच्या गालावर आणि मानेवर गेलं. पुढे ती पोर झोपताना आईच्या गालावरच्या त्या जागेवर बोट ठेवी आणि घासत घासत झोपून जाई. दुसऱ्या मुलांना मऊ चिंधी लागते, हिला आईचा डाग लागे.

पुसणीसांनी मात्र तो डाग एकाही फोटोत राहू दिला नाही. चौतीस वर्षांत काकूंचे जेवढे फोटो निघाले, त्या प्रत्येकात त्यांचा डावा गाल दुधाच्या सायीसारखा होता.

लेक मोठी झाली, शिकली, नऊ वर्षांपूर्वी नोकरीसाठी दूरच्या देशात गेली. मागोमाग आईने यावं म्हणून काकूंचा पासपोर्टही काढून ठेवला. पण कधी रजा नाही, कधी भाडं परवडत नाही, कधी काकूंचे गुडघे, असं करत तो पासपोर्ट कपाटात चादरींखाली कोराच्या कोरा राहिला.

आणि मग एका सकाळी लेकीचा फोन आला. डोक्यात गाठ निघाली होती. बेचाळीस दिवसांनी ऑपरेशन. डॉक्टर निम्मीच खात्री देत होते. लेक लहानपणापासून रडकी नव्हती. आताही रडली नाही. एवढंच म्हणाली, "आई, त्याआधी तू ये. मला भूल द्यायच्या वेळी तू तिथं हवी आहेस."

भाडं एकाचंच जमत होतं, आणि पुसणीसांचा पासपोर्ट नव्हताच. आईनेच जायचं हे न बोलता ठरलं. चौकात लोकांचे अर्ज भरून देणाऱ्या एका बाईचं छोटं दुकान होतं; सगळे तिला अर्जवाली म्हणत. तिने व्हिसाच्या अर्जासाठी काकूंची कागदपत्रं मांडून बघितली आणि म्हणाली, "सगळं आहे. फक्त फोटो नवा हवा. घरी फोनवर काढला तरी चालतो. पण नियम कडक आहेत बरं का. मागं पांढरं हवं, सावली नको, चष्मा नको, हसायचं नाही, दोन्ही कान दिसले पाहिजेत, तोंड सरळ समोर. आणि काका, तुमचं काम मला माहितीये. काहीही पुसायचं नाही. तीळ असला तरी राहू द्यायचा. पुसलेलं त्यांना कळतं."

"घरीच काढतो," पुसणीस म्हणाले. एकतीस वर्षं स्टुडिओत घालवलेल्या माणसाने बायकोचा फोटो बाहेर काढून आणायचा म्हणजे हलवायाने मिठाई विकत आणण्यासारखं झालं असतं.

पण स्टुडिओतली मागची खोली वेगळी आणि पुढची वेगळी. पुसणीसांनी जन्मभर फोटो सुधारले होते, काढले फारसे नव्हते. त्यांनी कपाटाच्या दारावर पांढरी चादर लावली, कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी ताणली, पुढे काकूंना बसवलं, फोन स्टुलावर डब्यांच्या उतरंडीला टेकवला. फोटो अर्जात चढवला, तर अर्ध्या मिनिटात संगणकाने परत पाठवला: मागे सावली आहे. चादर इस्त्री केली, टेबलावरचा दिवा आणला, तर नाकाची सावली गालावर पडली. सावली घालवायला खुर्ची पुढे ओढली, तर डोकं चौकटीत मावेना. फोन मागे नेला, तर डोकं लहान. दोन दिवस असे गेले. तिसऱ्या दिवशी त्यांनी चादर स्वयंपाकघराच्या दारात टांगली, खुर्ची चादरीपासून चार हात पुढे खिडकीसमोर ठेवली आणि काकूंच्या मांडीवर पांढरा ट्रे दिला, म्हणजे खालून उजेड उडून हनुवटीखालची सावली मरेल.

"हे काय, मी आता सगळ्यांना चहा द्यायचा का?" काकू म्हणाल्या.

"बोलू नकोस. तोंड मिटलेलं हवं."

"ते आयुष्यभर मिटलंच आहे."

खरी अडचण उजेडाची नव्हतीच. काकूंची मान सरळ राहीना. कॅमेरा समोर आला की ती आपोआप डावीकडे वळे आणि उजवा गाल पुढे येई. ही सवय पुसणीसांनीच लावलेली. पहिल्यापासून ते सांगत आले होते, जरा वळ, अजून जरा, हं, अशीच रहा. म्हणजे पुसायला कमी उरेल. आता तेच ओरडत होते, "सरळ! अगं, सरळ बघ!" आणि काकू म्हणत, "सरळच तर बघतेय!" आणि मान तिरकीच. चष्मा काढल्यामुळे त्यांना समोर नुसता धूर दिसत होता.

चौथ्या दिवशी सकाळी दहाच्या उजेडात पुसणीस उठले, दोन्ही हातांनी त्यांनी बायकोचं डोकं धरलं आणि समोर वळवलं. त्यांचा उजवा तळवा डाव्या गालावर टेकला. किती वर्षांत त्यांनी तिथे हात लावला नव्हता, हे त्यांना त्या क्षणी कळलं आणि नकोसं वाटलं. काकू हलल्या नाहीत.

"विजेचं बिल बघताना करतेस ना, तसं तोंड कर," ते म्हणाले.

काकूंनी तसं तोंड केलं. फोटो निघाला.

पुसणीसांनी तो फोनवर मोठा करून बघितला. सगळं नियमात होतं. कान दोन, सावली नाही, हसू नाही. आणि भर उजेडात, मधोमध, डाव्या गालावर तो डाग. फोनमध्ये चेहरा साफ करायचं एक बटण होतं. एका बोटाचं काम. जे करायला त्यांना अर्धा दिवस लागे, ते आता भाजी घेता घेता कुणीही करू शकत होतं. त्यांचं बोट त्या बटणावर गेलं आणि थांबलं. पुसलेलं त्यांना कळतं. त्यांनी बोट मागे घेतलं. चौतीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी बायकोचा चेहरा होता तसा राहू दिला, आणि जिवावर उदार झाल्यासारखे ते चौकात गेले.

फोटो चढला. हिरवी खूण आली. "झालं काका! आता देवाक काळजी," अर्जवाली म्हणाली. त्या दिवशी घरी दोघं बऱ्याच दिवसांनी नीट जेवली. काकूंनी बॅग काढून झटकली. लेकीला फोन करून कुठले गरम कपडे आणू, विचारलं.

पंधरा दिवसांनी उत्तर आलं. अर्जवालीने ते आधी मनात वाचलं आणि मग हळू आवाजात सांगितलं. अर्जातला चेहरा आणि पासपोर्टवरचा चेहरा जुळत नाहीत. अर्जदार बाईंच्या डाव्या गालावर मोठी खूण आहे. पासपोर्टवरच्या बाईंच्या गालावर नाही. अर्ज नामंजूर. चालू चेहऱ्याचा नवा पासपोर्ट काढून पुन्हा अर्ज करावा.

काकूंनी पिशवीतून पासपोर्ट काढला, उघडला आणि चष्म्याजवळ धरला. मालकाने कपाटातला जुना फिल्मचा कॅमेरा काढून घेतलेला तो फोटो. स्टुडिओ बंद व्हायच्या आधीचं पुसणीसांचं शेवटचं काम. चार दिवस खपून त्यांनी ते केलं होतं. मालक म्हणाला होता, पुसणीस, हात चुंबावा असं केलंत. तेव्हा अर्जाला कागदी फोटो चिकटवत आणि कुणी खिडकीतून मान वर करून बघत नसे.

काकूंनी पासपोर्ट मिटून पिशवीत ठेवला. पुसणीसच अर्जवालीला विचारू लागले, आता या फोटोतूनही काढून टाकू का, किंवा पावडर लावून दुसरा काढू का, म्हणजे जुळेल. अर्जवालीने मान हलवली. "काका, डाग त्यांच्या कागदावर चढला. आता पुसलात तर फसवणूक होईल."

ऑपरेशनला तेवीस दिवस होते. नवा पासपोर्ट घाई केली तर बारा दिवसांत मिळतो असं कळलं. दुसऱ्या दिवशी दार उघडायच्या आत दोघं पासपोर्टच्या कचेरीत जाऊन उभी राहिली. खिडकीतला कारकून चांगला माणूस होता, हे मुद्दाम सांगितलं पाहिजे. नाहीतर आपल्याला वाटतं, सगळं वाईट माणसांमुळे होतं. त्याने लेकीचे दवाखान्याचे कागद बघितले, च् च् केलं आणि फॉर्म स्वतः भरायला घेतला.

"चेहऱ्यातला बदल लिहावा लागतो. हे कधी भाजलं, काकू?"

"चौतीस वर्षं झाली," काकू म्हणाल्या.

कारकुनाची लेखणी थांबली. "मग पासपोर्टवर कसं नाही? तो नऊ वर्षांपूर्वीचा आहे."

काकूंनी नवऱ्याकडे बघितलं. पुसणीस खिडकीच्या गजांजवळ वाकले. "मी पुसला," ते म्हणाले.

"कशानं?"

"पेन्सिलीनं."

कारकून त्यांच्याकडे बघत राहिला. मग त्याने लेखणी खाली ठेवली आणि कुणी ऐकत नाही ना, असं मागे बघून म्हणाला, "गेल्या वर्षी भाजलं म्हणाला असतात तर मी तसं लिहून टाकलं असतं हो. आता हे साहेबांकडे जाणार. फेरफार केलेला फोटो म्हणजे चौकशी आली. सहा आठवडे. सात."

साहेबांनी पुसणीसांचा जबाब घेतला. तो लिहून घेणाऱ्या बाईला पेन्सिलीचं पटेना. तिला वाटलं म्हातारा काहीतरी लपवतोय. पुसणीस तिला निगेटिव्ह म्हणजे काय ते समजावू लागले. ती म्हणाली, "काका, थोडक्यात सांगा."

घरी आल्यावर काकूंनी चपला काढल्या, स्वयंपाकघरात जाऊन त्या खिडकीपुढच्या खुर्चीवर बसल्या. चादर अजून दारात टांगलेलीच होती.

"मी कधी म्हटलं होतं पुसा म्हणून?" त्यांनी विचारलं.

पुसणीस चादरीचा एक चिमटा काढू लागले.

"एकदा तरी? मला वाटायचं, तुमचा हात शिवशिवतो, तुम्हाला राहवत नाही, करू द्या. पुढे वाटायला लागलं, यांना माझी लाज वाटते. तेही गिळलं. पण मला त्याची लाज कधीच नव्हती. पोर वाचली होती माझी त्याच्यात."

"लाज नव्हती गं," पुसणीस म्हणाले. "मी तिथं होतो. त्या दिवशी. शेगडीपासून हातभर अंतरावर पेन्सिलीला टोक काढत बसलो होतो. पोर दांड्याकडे जाताना मला दिसली. म्हटलं, एवढं टोक होऊ दे, मग उचलू. तो डाग बघितला की मला ते टोक दिसतं."

काकूंना राग आला होता, आणि इतक्या वर्षांनी तो ठेवायचा कुठे, हे कळत नव्हतं.

"मग ते मला सांगायचं होतं," त्या म्हणाल्या. "फोटोला कशाला सांगत बसलात?"

लेकीला सांगायचं काम काकूंनी केलं. येता येत नाही एवढंच त्या म्हणाल्या. कारण विचारल्यावर म्हणाल्या, कागदाची भानगड. बापाचं नाव त्यांनी काढलं नाही. मग लेक म्हणाली, "बरं. मग फोटो तरी पाठव. अर्जासाठी काढलास ना, तोच. माझ्याकडे तुझे इतके फोटो आहेत, पण एकही तुझ्यासारखा नाही. सगळ्यांत तू कुणाची तरी मावशी दिसतेस."

पुसणीसांनी तो नामंजूर फोटो पाठवला. ज्या कामासाठी काढला, त्याला तो उपयोगी पडला नाही, पण तिकडे एका नर्सने साध्या कागदावर छापून लेकीच्या उशीपाशी ठेवला, असं लेकीसोबत राहणाऱ्या मैत्रिणीने कळवलं.

ऑपरेशन ठरल्या दिवशी झालं. त्यानंतर लेक नऊ दिवस होती. दोनदा डोळे उघडले म्हणतात. दहाव्या दिवशी मैत्रिणीचा फोन आला, तेव्हा काकू पीठ मळत होत्या आणि फोन पुसणीसांनी घेतला. त्यांनी ऐकलं आणि फोन खाली ठेवला. काकूंनी त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि पिठाचे हात तसेच घेऊन जमिनीवर बसल्या. सगळं तिकडेच आटोपलं. जायला पासपोर्ट नव्हता.

तो आला बरोबर सात आठवड्यांनी. कारकुनाने दिलेल्या मुदतीत एका दिवसाचीही चूक नव्हती. आत काकूंचा फोटो होता, डागासकट, अगदी नियमात बसणारा. पोस्टमनने सहीसाठी कागद पुढे केला आणि चांगल्या मनाने विचारलं, "काय पुसणीसकाकू, कुठं दौरा?" काकूंनी सही करून दार लावून घेतलं.

त्याच महिन्यात मैत्रिणीने लेकीच्या वस्तूंचा खोका पाठवला. एक घड्याळ, दोन वह्या, एक लोकरी टोपी, आणि पाकिटात तो फोटो. पुसणीसांनी तो उजेडात नेला. साधा कागद, साधी शाई. घाम लागला तरी उतरणारी. चेहरा, कान, केस जसेच्या तसे होते. फक्त डाव्या गालावरची जागा घासून घासून पांढरी झाली होती. बोटाएवढ्या रुंदीची, कानाच्या पाळीपासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत. डाग पूर्ण गेला होता.

पुसणीस तो कागद हातात धरून उभे राहिले. असं काम त्यांना जन्मात साधलं नव्हतं. मग ते तिथेच भिंतीला टेकून रडले, मोठ्याने, शेजारी ऐकू जाईल याची पर्वा न करता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी माळ्यावरून पत्र्याची पेटी काढली. रंगाच्या वड्या भेगाळल्या होत्या, पण पाणी लागल्यावर सुटल्या. एका कुंचल्याचं टोक अजून शाबूत होतं. खिडकीपाशी फोटो पाटावर ठेवून, भिंग लावून, त्यांनी तपकिरी रंग कालवला आणि त्या पांढऱ्या जागेवर कुंचला टेकवायला गेले. टेकवता येईना. डाग कुठून सुरू होतो, कुठे वळतो, कडेला किती गडद आहे, त्यांना आठवेना. चौतीस वर्षं तो फक्त घालवायचा म्हणून बघितलेला. तो कसा आहे हे त्यांना माहीतच नव्हतं.

काकू दारात उभ्या राहून बघत होत्या. त्या आत आल्या, खुर्ची ओढून खिडकीसमोर बसल्या, चष्मा काढून मांडीवर ठेवला. मान सरळ ठेवली.

"इकडं बघा," त्या म्हणाल्या. "आणि सावकाश करा. आता कुठं जायचंय?"